साडेचार तारे

पैशांचं मी सोडूनही दिलं असतं. पण मी लिहिलेला अभिप्राय त्या संकेतस्थळाने पुसून टाकला आणि वर कळवलं की तो 'वस्तूबद्दल नाही'. हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

कॅमेरा हवा होता बोरसाठी. २०१४ मध्ये तिथे व्याघ्रप्रकल्प झाला तेव्हापासून लोक वाघ बघायला जातात, मी आपला पाखरांमागे. मोबाइलमध्ये नीलपंख म्हणजे निळा ठिपका. साठपट झूमचे कॅमेरे आधीच बाद केले होते, कारण त्यांतला सेन्सर जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटरचा असतो. संध्याकाळी जंगलात तो काय टिपणार? म्हणून मोठ्या सेन्सरचा, दोन लेन्सवाला निवडला. वर्ध्याच्या दुकानापेक्षा ऑनलाइन आठ हजारांनी स्वस्त, 'एक वर्ष वॉरंटी', आणि साडेचार तारे. मागवला.

पावसाळ्यात मोठ्या लेन्सचा ऑटोफोकस बंद पडला. नागपूरला सीताबर्डीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलाने सीरियल नंबर टाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काकाजी, हा पीस आपल्या देशासाठी आलेलाच नाही. कंपनीची वॉरंटी इथे चालणार नाही." घरी येऊन खोका पुन्हा उलटसुलट केला. आयात मालावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते. इथे तसा कागदाचा कपटाही चिकटवलेला नव्हता. वॉरंटी कार्डावर शिक्का दिल्लीच्या एका दुकानाचा. फोन लावला तर उत्तर, "वॉरंटी है ना सर, सेलर वॉरंटी. कुरियर कर दीजिए." कुरियरचा खर्च अर्थात माझा.

मग मी अभिप्राय लिहिला. शिवी नाही, चढा स्वर नाही. कॅमेरा चांगला आहे, पण हा विक्रेता बाहेरचा माल विकतो, कंपनीची वॉरंटी मिळत नाही, घेताना बघा. एवढंच. दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून फोन. आता मात्र आवाजात साखर. अभिप्राय काढा, दोन हजार रुपये खात्यात टाकतो. मी नाही म्हटलं. आणि पुढच्या आठवड्यात संकेतस्थळाने तो फुकटात काढला! म्हणे विक्रेत्याबद्दलची तक्रार 'विक्रेता अभिप्राय' या वेगळ्या पानावर लिहावी. ते पान शोधताना माझा चहा निवला. तिथे खरेदीआधी कोण जातं?

गंमत बघा. एका कॅमेऱ्याचं पान एकच, विकणारे पाच-सहा. तारे सगळ्यांचे एकत्र. लोकांनी साडेचार तारे दिले ते कॅमेऱ्याला, आणि ते खरेच आहेत, मीही तेवढेच दिले असते. विकणाऱ्याचं नाव खाली बारीक अक्षरांत. म्हणजे खोटा अभिप्राय एकही न लिहिता विक्रेता खऱ्या ताऱ्यांच्या सावलीत आरामात बसतो. बीआयएसने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, पण ते ऐच्छिक. ऐच्छिक मानक कोण पाळतं, हे हेल्मेटसक्तीच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. पोच वेळेत आली. उत्तरही वेळेत आलं, त्यात माझ्या सहकार्याबद्दल आभार होते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवरच्या बाई मात्र नीट बोलल्या. २०१९ च्या कायद्यामुळे आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. बायको म्हणते, "आठ हजारांसाठी तारखा करत बसाल का?" तक्रार लिहून ठेवली आहे. अजून दाखल केलेली नाही.

विचारणाऱ्यांना मी सांगतो: किमतीआधी विकणाऱ्याचं नाव वाचा, ते कंपनीच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत आहे का बघा, खोका उघडताना व्हिडिओ काढा. लोक मान हलवतात आणि विचारतात, "पण स्वस्त कुठे पडतो?"

त्यांना काय बोलणार? लेन्स शेवटी नागपुरातच एका खाजगी कारागिराकडून दुरुस्त करून घेतली. तो खर्च धरूनही कॅमेरा वर्ध्याच्या भावापेक्षा स्वस्तच पडला. हा हिशेब मी बायकोला अजून दाखवलेला नाही. आणि फोटो? नीलपंखाचं एकेक पीस मोजता येतं.

मागच्या महिन्यात मेमरी कार्ड मात्र ठरवून गावातूनच घ्यायला गेलो. दुकानदाराने हळूच विचारलं, "बिल टाकू का सर, का तसंच देऊ? बिलाचे अठरा टक्के वर लागतीन." मी बिल घेतलं. वर गेलेले तीनशे रुपये मला अजून टोचतात.