परत येणारे जहाज

माझे वडील मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात नोकरीला होते. आमच्या रत्नागिरीकडच्या गावातील बरीच घरे जहाजावरच्या पगारावर चालत. अब्बा एकदा गेले, की आठ-आठ, नऊ-नऊ महिने घरी येत नसत. अम्मी रोज रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या तारखेवर फुली मारी.

मी सातवीत असताना अब्बांनी जपानहून माझ्यासाठी एक खोका आणला. त्यावर ताऱ्यांमधून उडणाऱ्या एका युद्धनौकेचे चित्र होते. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग होते. मजकूर सगळा जपानी! चित्रे पाहून पाहून आम्ही दोघांनी चार दिवसांत ते जहाज जोडले.

ते पाहून मी म्हणालो, "अब्बा, ही तर समुद्रातली बोट आहे. ही आकाशात कशी उडेल?"

अब्बा म्हणाले, "बेटा, हिचे नाव यामाटो. या नावाची खरी युद्धनौका होती. तिचीच ही गोष्ट केली आहे."

खरी यामाटो जगातील सर्वांत मोठ्या युद्धनौकांपैकी एक होती. तिची लांबी २६३ मीटर होती. पूर्ण भरल्यावर तिचे वजन सत्तर हजार टनांपेक्षा जास्त होई. तिच्यावर ४६ सेंटिमीटर तोंडाच्या नऊ तोफा होत्या. एकेका गोळ्याचे वजन सुमारे दीड टन असे. पण ७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी तिला बुडवले. त्या शेवटच्या सफरीतून ती परत येईल, अशी आशा पाठवणाऱ्यांनाही फारशी नव्हती. सुमारे तीन हजार माणसे तिच्याबरोबर गेली.

मला मात्र त्या वेळी फक्त तोफा दिसत होत्या. तीन बुरुज, प्रत्येकात तीन तोफा. शिवाय जहाजाच्या नाकावर एक मोठे गोल भोक होते. ती सगळ्यांत मोठी तोफ! मी आनंदाने ओरडलो, "अब्बा, हे जहाज कोणालाही हरवील!"

अब्बांनी जहाज हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "या तोफेला ताकद कुठून मिळणार? इंजिनातूनच ना? मग सगळी ताकद तोफेने खाल्ली, तर जहाज चालणार कसे? आणि घरी येणार कसे?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मला थोडा रागही आला. इंजिनवाल्या माणसाला सगळीकडे इंजिनच दिसते, असे मला वाटले.

पुढे मी मोठा झालो, नोकरीला लागलो आणि एके दिवशी यामाटोची ती चित्रमालिका मला पाहायला मिळाली. जपानच्या दूरदर्शनवर ती १९७४ साली प्रथम दाखवली गेली. तिची गोष्ट २१९९ या वर्षात घडते. परग्रहावरच्या शत्रूंनी पृथ्वीवर बाँब टाकलेले असतात. समुद्र आटलेले असतात. जमिनीवर घातक किरणांचे विष पसरलेले असते आणि माणसे जमिनीखाली राहत असतात. एका वर्षात उपाय झाला नाही, तर मानवजात संपणार असते. अशा वेळी इस्कंदर नावाच्या दूरच्या ग्रहाची राणी निरोप पाठवते, "हे विष धुऊन काढणारे यंत्र माझ्याकडे आहे. या आणि घेऊन जा." निरोपाबरोबर ती एका नव्या इंजिनाचे आराखडेही पाठवते.

मग आटलेल्या समुद्राच्या तळाशी पडलेल्या जुन्या यामाटोच्या आत नवे जहाज बांधले जाते. इस्कंदर १ लाख ४८ हजार प्रकाशवर्षे दूर. प्रकाशाला जिथे पोहोचायला इतकी वर्षे लागतात, तिथे जाऊन एका वर्षात परत यायचे! कागदाची घडी घातली, की त्याची दोन टोके जवळ येतात. तशीच अवकाशाची जणू घडी घालून हे जहाज उडी मारते. त्याच्या इंजिनाला तरंग-इंजिन म्हणतात आणि नाकावरच्या तोफेला तरंग-तोफ.

ही तोफ पहिल्यांदा गुरू ग्रहाजवळ चालवली जाते. शत्रूचा तळ तर नष्ट होतोच, पण तो ज्यावर उभा होता तो सगळा तरंगता भूखंडच नाहीसा होतो. ते पाहून जहाजावरची माणसे विजयाचा जल्लोष करत नाहीत, ती घाबरतात. शिवाय ही तोफ चालवण्यासाठी इंजिनातील सगळी शक्ती तिच्याकडे वळवावी लागते. दिवे मंद होतात. थोडा वेळ जहाज हलू शकत नाही, उडीही मारू शकत नाही. त्या वेळी शत्रू समोर आला, तर ते अगदी असहाय असते.

ते दृश्य पाहताना मी खुर्चीत ताठ बसलो. अब्बांचा प्रश्न मला आठवला. आमच्या घरच्या इंजिनवाल्याने न पाहिलेल्या जहाजाची अडचण बरोबर ओळखली होती!

आणखी एका गोष्टीने मी थक्क झालो. प्रत्येक भागाच्या शेवटी पृथ्वीचे किती दिवस उरले, ते सांगितले जाई. मला अम्मीचे कॅलेंडर आठवले. खरी यामाटो परत न येण्यासाठी गेली होती. गोष्टीतल्या यामाटोला मात्र परत यायचेच होते, कारण घरी कोणीतरी दिवस मोजत होते.

ते प्लॅस्टिकचे जहाज अजून माझ्या टेबलावर आहे. त्याच्या दोन तोफा केव्हाच मोडल्या. घरी येणारी मुले ते उचलतात आणि विचारतात, "याला तोफा किती?"

मी आकडा सांगतो. मग जहाज उलटे करून मागचा भाग दाखवतो आणि म्हणतो, "आता हे इंजिन बघ. हे अब्बांनी स्वतःच्या हाताने जोडले आहे."