नवव्या इनिंगच्या कोऱ्या चौकटी

दर जानेवारीत बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा निकाल लागतो आणि दर जानेवारीत मी तोच शेरा मारत आलो. २०१६ ते २०२४, सलग नऊ वर्षं. पिचर बिली वॅग्नरच्या नावापुढची टक्केवारी टीव्हीवर आली की मी म्हणायचो, "नऊशे तीन इनिंग्ज! एवढ्या नोकरीवर आमच्याकडे पेन्शनसुद्धा बसत नाही." बायकोला हे इतकं पाठ झालं होतं की शेवटची दोन वर्षं मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणून टाकायची.

२०२५ च्या जानेवारीत आकडा आला ८२.५ टक्के. लागतात ७५. वॅग्नर आत गेला. मी गप्प बसलो. बायकोनं वळून पाहिलं. "काय रे, आज पेन्शन नाही?"

नव्हतं. त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत माझं मत बरंचसं फिरलं होतं आणि ते कबूल करायची लाज वाटत होती. ती लाज आता जरा कमी झाली आहे, म्हणून लिहितो.

मी दादरचा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेट शिकलो, म्हणजे खेळायला कमी आणि मतं मांडायला जास्त. १९९६ साली नोकरीनिमित्त ह्यूस्टनला आलो. रिफायनरीतल्या माझ्या शिफ्ट सुपरवायझरनं मला बेसबॉलची दीक्षा दिली आणि पहिल्याच सामन्याला हातात स्कोअरकार्ड आणि पेन्सिल ठेवली. प्रत्येक बॅटरच्या नावापुढे नऊ चौकटी, एका इनिंगला एक. पिचर १, कॅचर २, असे क्षेत्ररक्षकांचे आकडे. स्ट्राइकआउट म्हणजे 'के': बॅट फिरवून हुकून बाद झाला तर सरळ, नुसता बघत राहून बाद झाला तर उलटा. हिशेबाची आवड असलेल्या मराठी माणसाला याहून काय हवं? मी खेळाच्या आधी स्कोअरकार्डाच्या प्रेमात पडलो.

त्या काळी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचे सामने अ‍ॅस्ट्रोडोममध्ये होत. आघाडी दोन-तीन धावांची असली की नवव्या इनिंगला बुलपेनचं दार उघडायचं आणि एक बुटकासा डावखुरा माणूस धावत माउंडवर यायचा. कागदावर उंची पाच फूट दहा इंच. चेंडू मात्र ताशी शंभर मैलांच्या घरात. वॅग्नर मुळात उजव्या हाताचा. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला, म्हणून डाव्यानं चेंडू फेकायला शिकला आणि मग डाव्यानंच फेकत राहिला. तो आमचा क्लोजर, म्हणजे शेवटचे तीन बाद मिळवण्यापुरताच येणारा रिलीफ पिचर.

नेमकी हीच गोष्ट मला खुपायची. सामना सुरू करणारा पिचर सहा-सात इनिंग्ज घाम गाळतो. हा शेवटी येतो, पंधरा मिनिटं काम करतो आणि टाळ्या घेऊन जातो. ह्यूस्टनमध्ये नोलन रायनचं नाव देवासारखं घेतात. त्यानं २७ मोसमांत ५,३८६ इनिंग्ज टाकल्या. वॅग्नरनं १६ मोसमांत ९०३. रायनच्या कामाचा जेमतेम सहावा हिस्सा.

शिवाय 'सेव्ह' या आकड्यावर माझा राग. शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन या क्रीडापत्रकारानं तो काढला आणि १९६९ पासून तो अधिकृत झाला. तीन धावांची आघाडी असताना यायचं, एक इनिंग टाकायची, आघाडी न गमावता सामना संपवायचा, की खात्यात एक सेव्ह जमा. त्या इनिंगमध्ये दोन धावा दिल्या तरी चालतं. आणि क्लोजर नावाची जात जन्माला यायच्या आधीही, आठ इनिंग्जनंतर पुढे असलेला संघ शंभरातले पंचाण्णवच्या आसपास सामने जिंकतच होता. मग हा माणूस वाचवतो तरी काय? असा माझा बिनतोड मुद्दा. तो ऐकून बहुतेक लोक गप्प बसत. आता वाटतं, कंटाळून बसत असावेत.

पुढे वॅग्नर फिलाडेल्फियाला गेला. ७ सप्टेंबर २००५ ला त्याचाच जुना सहकारी क्रेग बिजिओ यानं नवव्या इनिंगमध्ये, दोन बाद असताना, त्याला तीन धावांचा होमरन मारला. त्या मोसमाअखेर अ‍ॅस्ट्रोज प्लेऑफमध्ये गेले आणि फिलाडेल्फिया एका विजयानं बाहेर राहिलं. मी नाचलो, आणि तो होमरन पुराव्याच्या फायलीत लावून ठेवला. वर्षभरानं वॅग्नर न्यूयॉर्क मेट्सकडे असताना सो तागुचीनं प्लेऑफमध्ये नवव्या इनिंगला त्याला होमरन मारला. तोही फायलीत. त्याच्या सगळ्या प्लेऑफ सामन्यांत मिळून इनिंग्ज जेमतेम पावणेबारा आणि दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा, म्हणजे ईआरए, दहाच्या वर. फाईल भक्कम होती.

ती फुटली जुलै २०२४ मध्ये. बेरिल वादळ ह्यूस्टनवरून गेलं, आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती आणि गॅरेजमध्ये पाणी शिरलं. खालचे खोके उपसताना एकात माझी जुनी स्कोअरकार्डं निघाली. कडा भिजल्या होत्या, पेन्सिल शाबूत होती. १९९९ च्या मोसमातली चौदा कार्डं होती. अ‍ॅस्ट्रोडोममधलं ते शेवटचं वर्ष, आणि वॅग्नरचंही भरात असलेलं: ३९ सेव्ह, ईआरए १.५७, पावणेपंचाहत्तरच्या आसपास इनिंग्जमध्ये १२४ स्ट्राइकआउट. म्हटलं, बघू या, आपण स्वतः काय पाहिलं होतं.

काहीच पाहिलं नव्हतं. चौदापैकी नऊ कार्डांवर पाहुण्या संघाच्या नवव्या इनिंगचा रकाना कोरा होता. आठव्यापर्यंत सगळं रेखीव, चौकटीत छोटे हिरेसुद्धा काढलेले, आणि मग मोकळी जागा. तळाशी माझ्याच अक्षरात: '९.४० ला निघालो. वॅग्नर आला.'

तेव्हा आठवलं. सकाळी साडेपाचची शिफ्ट असायची. पार्किंगमधून बाहेर पडायला अर्धा तास जायचा. आघाडी असली आणि बुलपेनचं दार उघडलं की मी बायकोला म्हणायचो, चल, संपलं. वॅग्नर माउंडवर पोचेपर्यंत आम्ही जिन्यात असायचो. मी एकटा नव्हे, आमच्या रांगेतले निम्मे लोक उठायचे.

जो माणूस काही फारसं करत नाही असं मी नऊ वर्षं लोकांना सांगत होतो, तो आला की मी निर्धास्त घरी जात होतो.

आणि त्याच्या चुका? त्या मला बरोबर ठाऊक होत्या, कारण त्या गाडीतल्या रेडिओवर ऐकू यायच्या. तीन बॅटर तीन मिनिटांत गुंडाळले की मी जाहिरात लागेपर्यंत गाणी लावलेली असायची. घोळ झाला की निवेदकाचा आवाज चढायचा आणि मी आवाज वाढवायचो. २००० साली त्याचं कोपर गेलं, शस्त्रक्रिया झाली, ईआरए ६.१८. त्या वर्षीचे पडलेले सामने मला अजून आठवतात. १९९९ मधला एकही वाचवलेला आठवत नाही. मी वॅग्नरचं नव्हे, माझ्या कानांचं रेकॉर्ड ठेवलं होतं.

मग नीट बसून आकडे पाहिले. या वेळी सेव्ह बाजूला ठेवले. तेच करायला हवं होतं: तो आकडा तकलादू आहे म्हणून मी त्या माणसाला तकलादू ठरवलं होतं. पगार खोट्या नाण्यात मिळाला म्हणून काम खोटं होत नाही. ९०३ इनिंग्जमध्ये १,१९६ स्ट्राइकआउट, म्हणजे मिळवलेल्या दर नऊ बादांपैकी जवळजवळ चार त्यानं क्षेत्ररक्षकांना हातही न लावू देता घेतले. समोरच्या बॅटरांची सरासरी .१८७, जेव्हा एरवीचा बॅटर .२६० च्या आसपास असायचा. कारकिर्दीचा ईआरए २.३१. आणि काळ कुठला? मार्क मॅग्वायरनं १९९८ मध्ये ७० आणि बॅरी बाँड्सनं २००१ मध्ये ७३ होमरन मारले तो.

तरी ९०३ हा आकडा तसाच होता. तो हलला मार्च २०२५ मध्ये, आणि हलवला क्रिकेटनं.

३ मार्चला मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर गेले. बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होतो. पार्कावर वाढलेल्या माझ्या पिढीला पॅडी म्हणजे एक दुखरी जागा. ५८९ प्रथम श्रेणी बळी, १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध एका डावात १६ धावांत ८, आणि कसोटी एकही नाही. बिशनसिंग बेदींचा काळ होता, डावखुऱ्या फिरकीची जागा भरलेली होती. संध्याकाळी मुंबईच्या मित्राशी फोनवर बोलताना मी तावातावानं म्हणालो, "अरे, चेंडू हातात देणं त्याच्या हातात होतं का? जेवढा दिला तेवढ्यात त्यानं काय केलं ते बघ!"

फोन ठेवला आणि चमकलो. शिवलकरांच्या शून्य कसोटींचा दोष मी जन्मात कधी त्यांना दिला नव्हता. वॅग्नरच्या ९०३ इनिंग्ज मात्र त्याचा आळस असल्यासारख्या मोजत होतो. त्यालाही चेंडू मॅनेजरच द्यायचा. त्यानं काही 'मला एकच इनिंग द्या' असा अर्ज केला नव्हता.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मलाही कळतं. पॅडींना डावललं गेलं, वॅग्नरला राखून ठेवलं गेलं आणि त्याचे भरपूर पैसेही मिळाले. पण माझी मोजपट्टी एकाला एक, दुसऱ्याला दुसरी होती. ती दादरहून बरोबर आणलेली पट्टी. दिवसभर एका टोकानं टाकत राहील तो मोठा, दिवसभर खेळपट्टीवर उभा राहील तो मोठा. चांगली पट्टी आहे, मला अजूनही प्रिय आहे. पण तिनं ज्या खेळाचं काम मोजत होतो, तो माझ्या डोळ्यांदेखत बदलला होता. ११ जून २००३ ला यँकी स्टेडियमवर अ‍ॅस्ट्रोजच्या सहा पिचरांनी मिळून यँकीजना एकही हिट मिळू दिली नाही. रॉय ऑस्वाल्ट दुखापतीनं लवकर बाहेर गेला, मग एकामागून एक पाच जण आले. शेवटची इनिंग वॅग्नरची. त्या रात्री मी म्हणालो होतो, एकानं केलं असतं तर मजा होती. काम तुकड्यांत वाटलं जायला लागलं होतं आणि मी अजून सबंध थान मागत होतो.

आता उलटं टोक गाठायचं नाही. नुसती लांब सेवा पुरेशी आहे असं मी म्हणत नाही. जॉन फ्रँको हाही डावखुरा क्लोजर, ४२४ सेव्ह, वॅग्नरपेक्षा दोन जास्त, १,११९ सामने. २०११ मध्ये त्याला ४.६ टक्के मतं पडली, आणि पाच टक्क्यांखाली गेलं की नाव यादीतून जातं. पहिल्याच वर्षी बाहेर. मला तो निकाल कडक वाटतो, चुकीचा वाटत नाही. नव्या मतानुसारही मी दाराशी बसलो तर बरेच क्लोजर परत पाठवीन. प्लेऑफमधली ती पावणेबारा इनिंग्जची फाईलही मी जाळलेली नाही. ती खरी आहे. फक्त नऊशे तीनच्या शेजारी ठेवली की ती केवढी दिसते, ते आता दिसतं.

आणखी एक गोष्ट पूर्वी मी त्याच्याविरुद्ध धरायचो, ती आता उलटी वाटते. २०१० चा मोसम संपला तेव्हा वॅग्नरचा ईआरए होता १.४३, स्ट्राइकआउट १०४. डावखुऱ्यांच्या सेव्हचा विक्रम दोन पावलांवर होता. पुढच्या एप्रिलचे पहिले पंधरा दिवस पुरले असते. तो घरी गेला, बायको-मुलांकडे. मी म्हणायचो, बघा, चिकाटी नाही. आकड्यांसाठी थांबणारा माणूस दोन सेव्ह आधी उठून जात नाही, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

पहिल्या वर्षी त्याला १०.५ टक्के मतं होती. नवव्या वर्षी ७३.८, पाच मतं कमी. दहावं वर्ष शेवटचं. म्हणजे मत बदलणारा मी एकटा नाही. मतदानाचा हक्क असलेल्या, दहा-दहा वर्षं बेसबॉलवर लिहिणाऱ्या शेकडो पत्रकारांनी आपला आधीचा शेरा खोडला. त्यांची मतं मोजली गेली. माझं घरातच होतं, बायकोनं मोजलं.

२७ जुलै २०२५ ला हॉल ऑफ फेमचा कूपर्सटाउनमधला सोहळा आम्ही शेवटपर्यंत पाहिला. इचिरो सुझुकी आणि सीसी सबाथिया यांच्या बरोबरीनं तो बुटका माणूस उभा होता, हॉलमधला पहिला डावखुरा रिलीफ पिचर. नंतर मी गॅरेजमधून एक कार्ड आणलं. जुन्या सामन्यांचा चेंडू-चेंडू हिशेब आता घरबसल्या सापडतो. तारीख शोधली, पेन्सिलीला टोक केलं आणि नवव्या इनिंगच्या पहिल्या चौकटीत सरळ 'के' काढला. दुसऱ्या चौकटीत उलटा.

तिसऱ्याला हात थांबला. खाली '९.४० ला निघालो' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. खोडरबर घेतलं, दोन्ही 'के' पुसले आणि कार्ड होतं तसं खोक्यात ठेवलं. बायको म्हणाली, "भर की, आता कुठे जायचंय?"