हिरव्या मातीवरचा विसावा

‘तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी आहे,’ असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली असेल, तर चला, आज चार्ल्सटनला जाऊ. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातले हे समुद्राकाठचे जुने शहर. त्याच्या डॅनियल आयलंड भागात वसंत ऋतूत केवळ महिलांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा भरते. १९७३ साली हिल्टन हेड बेटावर तिचा आरंभ झाला. २००१ मध्ये ती येथे आली. मुलांकडे अमेरिकेत मुक्काम असेल, तर ही सफर प्रत्यक्षातही घडू शकेल.

मैदानात शिरताच नजर ठरते ती मातीच्या रंगावर. पॅरिसची प्रसिद्ध तांबडी माती विटांच्या भुकटीची. येथली मात्र दगड दळून केलेली, करड्या-हिरव्या छटेची. ती ओलसर राहावी म्हणून तिच्यावर पाणी मारतात. अशा मातीवर चेंडूचा वेग मंदावतो आणि एका फटक्यात गुण मिळणे अवघड होते. येथे धीर धरणाऱ्याचे फावते. संयमी खेळासाठी ख्यात असलेल्या ख्रिस एव्हर्टने ही स्पर्धा आठ वेळा जिंकली, यात नवल नाही.

परंतु चेंडूपेक्षा आपण लक्ष द्यावे ते मैदानाच्या कडेच्या खुर्चीकडे. सेटमधील पहिला गेम सोडला, तर प्रत्येक विषम गेमनंतर बाजू बदलताना खेळाडूंना दीड मिनिट मिळते. सेट संपल्यावर दोन मिनिटे. ऐन तारुण्यातल्या, जगातल्या अव्वल खेळाडू तेव्हा बसतात, घाम पुसतात, पाण्याचे घोट घेतात. त्यांना कोणी थकलेल्या म्हणत नाही. विसावा हा त्यांच्या खेळाच्या नियमांतच आहे. मग बाजारात जाताना पारावर दोन क्षण टेकायला आपल्याला संकोच का वाटावा?

सोबत जाणाऱ्यांनी थोडी तयारी करावी. तिकीट काढताना कमी पायऱ्यांची, वाटेलगतची जागा मागावी. टोपी, पाणी आणि वेळेची औषधे जवळ ठेवावीत. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी जागा सोडायची नसते. बाजू बदलताना मात्र उठता येते. स्वच्छतागृहाकडे तेव्हाच, हात धरून, सावकाश न्यावे. ‘लवकर चला’ हे शब्द त्या दिवशी घरीच ठेवावेत.

एक सावधगिरी मात्र हवी. मातीवर खेळाडू सफाईने घसरत चेंडू गाठतात, ते वर्षानुवर्षांच्या सरावाने आणि खास तळाच्या बुटांमुळे. आपल्या न्हाणीघरातली ओली फरशी अशी संधी देत नाही. तेथे घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे आणि भिंतीला पक्का आधारदांडा हवाच.

पुढच्या वेळी घरातले बाहेर निघतील, तेव्हा आपणही निघावे. वाटेत कोठे बसायचे, एवढे आधी ठरवून ठेवावे.