सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने पाचगणी

सोलापूरकराला डोंगराची ओढ असते, आणि तिचे कारण त्याच्या भूगोलात आहे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर पसरलेले हे सपाट पठार; वर्षाकाठी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास; एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे. अशा मुलखात राहणाऱ्याच्या मनात ‘थंड हवेचे ठिकाण’ हे शब्द उच्चारताच गारवा पसरतो. पूर्वी ही चैन मे महिन्याच्या सुटीत कुटुंबापुरती असे. अलीकडे मात्र आपल्याकडचे कारखाने, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि लहानमोठ्या कंपन्याही आपल्या माणसांना दोन-तीन दिवसांसाठी डोंगरात नेऊ लागल्या आहेत. कंपन्यांच्या भाषेत याला ‘रिट्रीट’ म्हणतात; आपण त्याला निवासी सहल म्हणू. ही सहल आखणाऱ्यांसाठी आणि जिच्या घरातले कोणी अशा सहलीला निघाले आहे त्या प्रत्येक कुटुंबासाठी, सोलापूर ते पाचगणी या वाटेवरून चार गोष्टी सांगाव्यात असे वाटते.

महाबळेश्वर-पाचगणीचा डोंगर आणि आरोग्य यांचे नाते जुने आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवले, ते आजारी माणसांना हवापालट मिळावा म्हणून. पाचगणीची वसाहत त्यानंतरची, जॉन चेसन यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली. क्षयरोगावर औषध नव्हते त्या काळात, १९१२ मध्ये, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम सुरू केले. स्वच्छ हवा, पौष्टिक आहार आणि सक्तीची विश्रांती एवढाच तेव्हाचा उपचार. पुढे १९६७-६८ च्या सुमारास राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथेच ‘एशिया प्लेटो’ हे केंद्र उभारले. कारखान्यांतील अधिकारी आणि कामगार तेथे एकत्र राहू लागले, एका पंगतीला जेवू लागले आणि दिवसातला काही वेळ शांत बसून काढू लागले. कंपन्यांच्या निवासी सहलींची ही आपल्या जवळची आणि जुनी परंपरा आहे. विश्रांती आणि शांतता ही या डोंगराची मूळ भेट आहे, हे सहल आखताना प्रथम ध्यानात घ्यावे.

सोलापूरहून पाचगणी सहा-सात तासांच्या अंतरावर आहे. पंढरपूर मागे टाकले की वाखरी, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, बरड, फलटण, तरडगाव, लोणंद ही गावे ओळीने लागतात. हा ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मार्ग. आपण तो उलट दिशेने कापत असतो. वारी ही आपल्या मुलखातील सर्वांत मोठी सामूहिक पदयात्रा, आणि तिची आखणी वैद्यकाच्या नजरेने पाहण्यासारखी आहे. रोजचा टप्पा ठरलेला, विसाव्याची जागा ठरलेली, पाणी आणि जेवण कोठे मिळणार हे ठरलेले. दिंडीत सत्तरीची आजीही असते आणि विशीतला नातूही असतो. चाल दोघांनाही पेलेल अशीच ठेवावी लागते. बसने निघालेल्या कंपनीच्या सहलीनेही एवढे शिकावे. दर दोन तासांनी थांबा, स्वच्छ स्वच्छतागृह असलेली जागा आधी पाहून ठेवलेली, आणि जेवणाची वेळ शक्यतो घरच्यासारखीच. सहा तास एकाच जागी बसल्याने पायांना सूज येते. स्वच्छतागृहाची खात्री नसली की अनेक स्त्रिया पाणीच पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी लघवीच्या जळजळीने हैराण होतात. दोन्ही त्रास टाळता येण्याजोगे आहेत.

लोणंदनंतर वाट वाईकडे वळते. कृष्णाकाठचे घाट आणि ढोल्या गणपती पाहून गाडी पसरणी घाटाला लागते. हा घाट बारा-तेरा किलोमीटरचा. पण वळणे अशी की पोटातले पाणी हलते. ज्यांना गाडी लागते त्यांनी घाट सुरू होण्याच्या किमान अर्धा तास आधी गोळी घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. पुढच्या आसनावर बसावे, दूरवर नजर ठेवावी, मोबाइल पाहू नये. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. एक भीती मात्र मनातून काढून टाकावी. पाचगणीची उंची सुमारे तेराशे मीटर आहे. हवेतील प्राणवायू कमी पडून होणारा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. येथे धाप लागली तर दोष उंचीला देऊ नये. ती आपल्या हृदयाची, फुप्फुसांची किंवा सवयीची तक्रार असते, आणि ती ऐकावी.

काही महिन्यांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्याचे व्यवस्थापक अशाच सहलीची छापील रूपरेषा घेऊन आले. चाळीस माणसे, दोन रात्री, तीन दिवस. पहाटे पाचला कमळगडाची चढाई, दुपारी रस्सीखेच, सायंकाळी पॅराग्लायडिंग, रात्री शेकोटी आणि मध्यरात्रीपर्यंत ध्वनिवर्धकावर गाणी. ‘डॉक्टरसाहेब, प्रथमोपचाराच्या पेटीत काय काय ठेवू?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी पेटीची यादी दिली आणि उलट विचारले, ‘या चाळीस माणसांची वये काय?’ निम्म्याहून अधिक पंचेचाळीसच्या पुढची होती.

त्याच आठवड्यात, दवाखाना बंद व्हायच्या वेळी, त्याच कारखान्यातील एक गृहस्थ आले. बावन्न वर्षांचे, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. घरात कमावणारे तेच एकटे. ‘डॉक्टरसाहेब, गड चढायचा आहे. जमेल का मला? पण साहेबांना काही कळू देऊ नका,’ असे ते म्हणाले. गड जमणार नाही असे कळले तर आपल्याला कामातही कमी धरतील, ही त्यांची खरी धास्ती होती. गोळ्यांची पाकिटे फाडून त्या साध्या डबीत भरून नेण्याचाही त्यांचा बेत होता, म्हणजे कोणाला नावे वाचता येऊ नयेत.

कुटुंबाची सहल आणि कंपनीची सहल यांतला फरक नेमका येथे आहे. घरच्यांबरोबर असताना आपण मोकळेपणाने सांगतो, ‘माझे गुडघे दुखतात, तुम्ही जाऊन या.’ कार्यालयाच्या सहलीत ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. वर अधिकारी, बाजूला स्पर्धक, हाताखाली तरुण मुले. म्हणून माणूस छातीतली कळ दडवतो आणि चढत राहतो. एरवी बैठे काम करणाऱ्याने अचानक जोराचे श्रम केले की हृदयविकाराचा धोका वाढतो. मधुमेह, रक्तदाब वा धूम्रपान असेल तर अधिकच. सहल आखणाऱ्याचे पहिले काम म्हणूनच ‘नाही’ म्हणण्याची सोय करणे हे आहे.

ती करता येते. प्रत्येक वेळी दोन कार्यक्रम समान मानाचे ठेवावेत आणि निवड ज्याची त्याने करावी, कारण कोणी विचारू नये. ‘आजारी मंडळी हॉटेलवर थांबतील’ अशी सूचना कदापि देऊ नये. अधिकाऱ्यांपैकी एकाने आधी सोपा कार्यक्रम निवडावा. मग बाकीच्यांचा संकोच आपोआप गळतो. प्रत्येकाने आपले आजार, औषधे, ॲलर्जी आणि घरचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून बंद पाकिटात द्यावा. पाकीट गरज पडली तरच उघडावे, अन्यथा परतल्यावर जसेच्या तसे परत करावे. त्या व्यवस्थापकांना मी एवढेच सुचवले. कोणाचेही नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी रूपरेषा बदलली, आणि आमचे गृहस्थ आपल्या गोळ्या मूळ पाकिटातच घेऊन गेले.

डोंगरही या कामी आपल्याला मदत करतो. पाचगणीचे ‘टेबल लँड’ हे जांभ्या खडकाचे विस्तीर्ण सपाट पठार आहे. एकदा वर पोहोचलो की चढ नाही, उतार नाही; एका बाजूला कृष्णेचे खोरे, धोमचे पाणी आणि समोर डोंगरांच्या रांगा. गुडघेदुखी असलेल्याला गड चढण्यापेक्षा उतरणे अधिक जाचते, कारण उतरताना गुडघ्यावर येणारा भार वाढतो. टेबल लँडवर साठीचा लेखापाल आणि पंचविशीचा अभियंता एकाच चालीने बोलत जाऊ शकतात. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचे भिलार हे गाव तर अशा सहलीसाठीच असावे असे वाटते. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावाला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळख मिळाली. घराघरांत, देवळात, शाळेत मराठी पुस्तके मांडून ठेवलेली. कोणीही जावे, ओसरीवर बसून वाचावे.

सोलापूरकरांसाठी या शांततेचे मोल विशेष आहे. आपल्याकडील कित्येकांचे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात जाते. ८५ डेसिबलपेक्षा अधिक आवाजात रोज आठ-आठ तास काढले तर वर्षानुवर्षांनी ऐकू येणे मंदावते, आणि मागाच्या शेडमधला आवाज ही मर्यादा सहज ओलांडतो. अशा माणसाला डोंगरात नेऊन रात्री पुन्हा ध्वनिवर्धकासमोर बसवणे म्हणजे पथ्याच्या ताटात तळण वाढणे होय. शेकोटीचेही तसेच. थंड, धुकट हवेत तिचा धूर दम्याच्या रुग्णाला रात्रभर जागवतो. शेकोटी हवीच असेल तर ती लहान असावी, आणि दमेकऱ्याने वाऱ्याच्या उलट बाजूस, स्वतःचा पंप खिशात ठेवून बसावे.

काळही नीट निवडावा. पावसाळ्यात या डोंगरावर सोलापूरच्या दसपटीने पाऊस पडतो. धुक्यात चार हातांवरचे दिसत नाही आणि दरडी कोसळतात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली आणि एक जण वगळता कोणीही वाचले नाही. त्या घरांचे दुःख आठवून तरी घाटरस्त्यांचा विचार गांभीर्याने व्हावा. भर पावसाचे महिने टाळावेत, घाट दिवसाउजेडी पार करावेत. चालकासाठी स्वतंत्र, शांत खोली आणि पुरेशी झोप ही रूपरेषेतील पहिली नोंद असावी. पाहुण्यांना पलंग आणि चालकाला बसमधले आसन, ही वाटणी सर्वांच्याच जिवावर बेतू शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. फक्त सोलापूरच्या सवयीने पातळ पांघरूण नेऊ नये. आपली चादर आहेच, ती बरोबर घ्यावी!

मुक्कामाची जागा निश्चित करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : रात्री दोन वाजता कोणाच्या छातीत दुखू लागले तर कोठे, कसे आणि किती वेळात पोहोचू? पाचगणी व वाईतील रुग्णालये, साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय यांचे क्रमांक आणि तेथे कोणत्या सोयी आहेत हे आधी दूरध्वनी करून विचारून घ्यावे. १०८ ची रुग्णवाहिका येईल, पण निवासापर्यंत तिला रस्ता आहे का आणि मोबाइलला संपर्क मिळतो का, हे पाहणे आपले काम. सर्पदंश झाला तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, विष चोखू नये. माणसाला धीर द्यावा, तो अवयव हलू न देता थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

डोंगरातल्या गावाचाही विचार हवा. दांडेघर, खिंगर, गोडवली, आंब्रळ, तायघाट या गावांच्या कुशीत पाचगणी वसली आहे. हा सारा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. धो धो पावसाचा प्रदेश असला तरी पाणी डोंगरउतारावरून वाहून जाते. उन्हाळ्यात ते तेथेही जपूनच वापरावे लागते. दुष्काळाशी ओळख असलेल्या आपल्या माणसांना हे वेगळे सांगावे लागू नये. प्लास्टिक आपल्याबरोबर परत आणावे आणि जेवण गावातल्या घरचेच घ्यावे. पिठले-भाकरी, पालेभाजी, ताक हे मधुमेही पाहुण्यालाही मानवते. जोडीला आपली शेंगाचटणी आहेच.

घरच्या मंडळींनी निघण्यापूर्वी तीन आठवडे लक्ष घालावे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेह वा रक्तदाब असलेल्या व्यक्तीने आपल्या डॉक्टरांना भेटून घ्यावे आणि रोज अर्धा तास चालायला सुरुवात करावी. औषधे दोन दिवस जास्तीची, हातातल्या पिशवीत. इन्शुलिन बसच्या तापलेल्या डिकीत कधीही नको. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकवू नये, खिशात साखरेची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, तर ती लगेच तोंडात टाकावी. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, अकारण घाम यांपैकी काहीही जाणवले तर तेथेच बसून सोबत्याला सांगावे. निरोप देताना घरच्यांनी एवढे अवश्य म्हणावे, ‘झेपले नाही तर थांबा, घरात कोणी तुम्हाला कमी लेखणार नाही.’ कार्यालयाच्या छापील रूपरेषेत हे वाक्य सहसा नसते. ते घरातूनच बरोबर द्यावे लागते.