साडेचार अंगुलें

कांहीं व्याधी अशा असतात कीं, त्यांचें नांव चारचौघांत काढणें प्रशस्त वाटत नाहीं. आमच्या कनिष्ठ बंधूंस शौचावाटे रक्त पडूं लागलें, तें त्यांनीं या संकोचापायीं चार महिने 'मूळव्याध' या सोयीच्या शब्दाखालीं झांकून ठेविलें. तपासणींत गुदाच्या अगदीं खालच्या भागीं लहानसा कर्करोग निघाला, तेव्हां घरांतील सर्वांसच तो शब्द उच्चारणें भाग पडलें.

सुश्रुतानें गुद साडेचार अंगुलांचें सांगून त्यांत प्रवाहणी, विसर्जनी व संवरणी अशा तीन वळ्या वर्णिल्या आहेत. संवरणी म्हणजे आवरून धरणारी. आणि सारा पेंच येथेंच आहे. १९०८ सालीं इंग्लंडांत माइल्स यानें उदर व गुद अशा दोन्ही बाजूंनीं छेद घेऊन मलाशय समूळ काढण्याची पद्धति मांडली. रोग जातो, परंतु त्याबरोबर संवरणीहि जाते, व पोटावरील द्वारास पिशवी लावून जन्म काढावा लागतो. ही पद्धति आजहि बाद झालेली नाहीं.

पुढें जर्मनींतील ब्यूस यांनीं १९८३ च्या सुमारास चार सेंटिमीटर रुंदीची नळी गुदमार्गें घालून, वायूनें पोकळी फुगवून, दुर्बिणीनें पाहत गांठ भिंतीच्या पूर्ण जाडीसह काढण्याची युक्ति प्रचारांत आणिली. पोटावर व्रण नाहीं, पिशवी नाहीं. अर्शासाठीं सुश्रुतानें सांगितलेलें गोस्तनाकार यंत्र मला येथें आठवलें. (सर्व कांहीं आपल्याकडे होतेंच, असें म्हणणाऱ्यांपैकीं मात्र मी नव्हे.)

बंधूंस अर्थात् हाच मार्ग रुचला. शल्यविशारद बाई म्हणाल्या, "काका, नळीनें गांठ निघेल, भोंवतालच्या चरबींतील लसिकाग्रंथि निघणार नाहींत. गांठ किती खोल उतरली आहे, हें काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्यावरच नक्की कळेल. वरवरची असली तर एवढ्यावर भागेल. खोल असली, तर ग्रंथींत रोग शिरल्याची भीति वाढते, आणि मोठें शस्त्रकर्म करावें लागेल." आधीं कापावें आणि किती कापावयास हवें होतें तें मागाहून कळावें, हा न्याय मला विचित्र वाटला, पण दुसरा न्याय कोणापाशींच नव्हता.

भावजयीनें एकच विचारलें, "पिशवी लागली तरी माणूस घरांत राहतो ना?"

शस्त्रकर्म सुखरूप झालें. बंधु थोड्याच दिवसांत घरीं आले, अंगणांत हिंडूं लागले. मग अहवाल आला: कडा निर्मळ, परंतु गांठ अंतस्त्वचेखालील थराच्या तळापर्यंत गेलेली.

बंधूंनीं कागद दोनदां वाचला, चष्मा काढून ठेविला, आणि पुढील शस्त्रकर्माचा दिवस बाईंस विचारून घ्यावयास भावजयीस सांगितलें.