तीन पेले

‘व्हिस्की ती व्हिस्की’ म्हणणाऱ्यापुढे मी तीन पेले ठेवतो. बर्फ मागितला तर ऐकू न आल्यासारखे करतो. आयरिश बहुधा तीनदा गाळलेली. गळ्याखाली अदबीने उतरते. शेजारी म्हणून उत्तम, मित्र म्हणून जरा मिळमिळीत. अमेरिकन बर्बनमध्ये मका किमान ५१ टक्के, आणि ओकचे पीप कोरे, आतून जाळलेले. म्हणून तिची गोडी व्हॅनिलाची, अंमळ लाडिकच. पण स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ती धुरकट! मोड आणलेले सातू तिथे पीटच्या, म्हणजे दलदलीत युगानुयुगे साचलेल्या काडीकचऱ्याच्या, धुरावर वाळवतात. वास थेट टिंक्चर आयोडीनचा. पहिल्या घोटाला सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘इस्पितळ!’’ दुसऱ्याला गप्प राहिल्या. तिसरा मागून घेतला. हल्ली ती बाटली कुलपात असते, आणि किल्ली त्यांच्याकडे.