टायबरच्या खोऱ्यात एक दिवस

रणभूमी पाहायला गेलेला माणूस बहुधा स्मारक पाहून परत येतो. स्मारकावर नावं असतात, तारखा असतात. लढाई मात्र आजूबाजूच्या चढ-उतारांत असते. म्हणून लष्करी इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना आधी नकाशातल्या समोच्च रेषा वाचायला लावतो आणि शौर्यपदकाचं मानपत्र नंतर हाती देतो. हा क्रम का, हे कळायला इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यासारखी जागा नाही. सकाळी पेरुजाहून निघावं, खोऱ्यातून उत्तरेला जावं, दुपारी अरेत्सो गाठावं. दिवसाभरात आरामात होतं.

जून 1944 मध्ये रोम पडलं आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. ती पळापळ नव्हती. अपेनाइन पर्वतातल्या ‘गॉथिक लाइन’ची तटबंदी पुरी व्हायची होती आणि तिच्यासाठी वेळ काढायचा होता. एक धार धरून ठेवायची, चढून येणाऱ्याला तिची किंमत मोजायला लावायची आणि मग मागच्या धारेवर सरकायचं, ही त्यांची रीत. या खोऱ्यात त्यांच्या मागावर 10वी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन.

खोऱ्याचा तळ सपाट, त्यात तंबाखूची शेतं. निपाणीच्या माणसाला परकं वाटणार नाही. दोन्ही अंगांना ओकच्या झाडीने भरलेल्या सोंडा आणि त्यांवर एकेकटी दगडी घरं. धारेवर बसलेल्याला नदी, पूल, रस्ता सगळं दिसतं. खालून पाहणाऱ्याला नुसती झाडी. रस्ता मोकळा करायचा तर आधी डोंगर घ्यावे लागत, एकेक करून आणि पायी.

10 जुलैला या खोऱ्यातल्या अशाच एका चढाईत नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पळसगावचे, वय 22. ते एकटेच मोर्च्यावर धावून गेले. ग्रेनेडने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगनने दुसऱ्याला टिपलं. मग मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याच्या घावांनी मारलं, असं मानपत्र सांगतं.

इथे थांबून हिशेब करावा. टॉमीगन मिनिटाला साधारण 700 गोळ्या झाडते आणि मॅगझिनमध्ये असतात 20 किंवा 30. घोडा दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत खेळ संपतो. दुसरं मॅगझिन बसवायला सरावलेल्या हातालाही त्याहून जास्त वेळ लागतो आणि शत्रू तर हातभर अंतरावर. तापलेल्या नळीला धरून शस्त्र उलटं फिरवणं हा तिथे वेडेपणा नव्हता, तेवढाच मार्ग उरला होता. नंतर नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या. मोर्चे एकमेकांना राखून असतात, एक घेतला तरी शेजारचे जागे असतात. उतारावर उभं राहिलं की मानपत्रातले ‘छातीत’ आणि ‘पाठीत’ हे दोन शब्द उलगडतात. जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांचा मृत्यू झाला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी नाही. नाव आहे ते कसिनोच्या स्मारकावर.

या खोऱ्यातच एका सोंडेवर मोन्तोने हे तटबंदीचं गाव आहे, ब्राच्चो दा मोन्तोने या भाडोत्री फौजांच्या नामांकित सेनापतीच्या घराण्याचं. ऑगस्टमध्ये गावातल्या तीन वेशींकडची माणसं मध्ययुगीन पोशाखात चुरशीने स्पर्धा करतात. याच गावाने 2023 मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं.

दुपारी अरेत्सो. जमल्यास महिन्याचा पहिला रविवार किंवा त्याच्या आदला शनिवार गाठावा. उतरत्या पियात्झा ग्रांदेत आणि भोवतालच्या गल्ल्यांत जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पितळी कुलपं, झुंबरं, बंद पडलेली घड्याळं आणि मनसोक्त घासाघीस. वर वास्तुकार वासारीच्या कमानींखाली कॉफीची टेबलं भरलेली. याच शहराच्या पूर्वेच्या डोंगरांत 4थी भारतीय डिव्हिजन लढली. इथल्या युद्धस्मशानभूमीत राष्ट्रकुलाच्या 1,266 सैनिकांच्या समाध्या आहेत, त्यांत भारतीयही आहेत. आधी बाजार पाहावा आणि मग तिथे जावं. एवढी माणसं कशासाठी खर्ची पडली, या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्या चौकातल्या गजबजाटात मिळतं.

इटलीच्या मोहिमेत 5,782 भारतीय सैनिक कामी आले. दरवर्षी मराठी पर्यटकांच्या बसेस फ्लॉरेन्सला येतात आणि पिसाकडे वळतात. फ्लॉरेन्सहून अरेत्सो रेल्वेने तासाभरावर आहे, मोन्तोनेसाठी मात्र गाडी करावी लागेल. तुमच्या टूरवाल्याकडे हा एक दिवस मागून घ्या. आणि गेलात की खालच्या रस्त्यावरून फोटो काढून परतू नका, धारेवर चढा.